सुटलेल्या पडद्याची बखर

कल्याण जंक्शन सोडून कर्जतच्या रोखाने निघालेली लोकल ज्या पहिल्या स्थानकात थांबते, त्या विठ्ठलवाडीचे नाव इतिहासग्रंथांच्या सूचीत धुंडाळणाऱ्याच्या पदरी निराशाच येण्याचा संभव अधिक. कल्याणच्या खाडीला आरमाराचा इतिहास आहे, दुर्गाडी किल्ल्याला बखरकारांचे शब्द लाभले आहेत. परंतु रुळांच्या एका अंगास कल्याण पूर्वेची दाटी आणि दुसऱ्या अंगास उल्हासनगरचा बाजार, अशा बेचक्यात वसलेल्या या वस्तीला इतिहास असलाच तर तो जुन्या वस्तू विकत घेणे, त्या दुरुस्त करणे आणि पुन्हा विकणे या व्यवहाराचा आहे. अशा व्यवहारात लाकडी कपाटे येतात, शिलाईयंत्रे येतात, आणि मधूनच कोणा हौशी तरुणाने कॉलेजच्या दिवसांत घेतलेली व नोकरी लागताच माळ्यावर टाकलेली एखादी गिटारही येते. तिच्या मानेवरचा एखादा पडदा हटकून सुटलेला असतो. तार दाबावी तर स्वराऐवजी झणझण ऐकू येते, आणि दुरुस्ती करणारा नखाने पडद्याचे टोक चाचपून म्हणतो, “फ्रेट उठली आहे.”

या उठलेल्या पडद्याची वंशावळ पाहू गेल्यास ती अनपेक्षित ठिकाणी पोहोचते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु पुढे सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टिस नामक अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने कल्याणहून परमुलखी जाणाऱ्या मालाची जी नोंद केली, तीत तांब्या-पितळेचा धातू, शिसवी लाकडाचे ओंडके आणि कापड अशा तीन जिनसा आहेत, याकडे संगीताच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले असेल. कापड वगळले तर उरलेल्या दोन जिनसा म्हणजेच गिटारची बोटे फिरवण्याची पट्टी होय: काळसर शिसवाची फळी, आणि तीत आडवे ठोकलेले, तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूचे पडदे. या मिश्रधातूला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, आणि त्यात चांदीचा अंशही नसतो. एवढ्यावरून कल्याणने जगाला गिटार दिली असे कोणी म्हणू लागल्यास त्याला हसावेच लागेल. तरीही ब्राझीलने आपल्या शिसवाच्या ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर अमेरिकेतील मार्टिन ही नामांकित गिटार कंपनी १९६९च्या सुमारास हिंदुस्थानी शिसवाकडे वळली, तेव्हा कॉस्मसच्या यादीतील एक जिन्नस चौदा शतकांनी पुन्हा जहाजावर चढला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

पडदा ही कल्पना मात्र वाद्यांच्या जन्माबरोबर आलेली नाही. विठ्ठलवाडीवरून जाणारा हाच लोहमार्ग घाट चढून मळवलीला पोहोचतो, आणि तेथून जवळच भाज्याच्या लेण्यांतील विहारात नर्तिकेशेजारी बसून धनुष्याकृती वीणा वाजवणारी एक मूर्ती कोरलेली आहे. त्या वीणेला पडदा नाही आणि त्याची गरजही नाही, कारण तेथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार आहे. एकाच तारेकडून अनेक स्वरांचे काम करून घेण्याची युक्ती ज्या दिवशी सुचली, त्या दिवशी तार कोठे दाबावी याची खूण आवश्यक झाली, आणि त्या खुणेला पदार्थाचे रूप आले तोच पडदा. देवगिरीच्या यादवांच्या पदरी राहून तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने किन्नरी वीणेच्या पडद्यांचे, म्हणजे त्याच्या परिभाषेत सारिकांचे, जे वर्णन केले आहे त्यात सारिका गिधाडाच्या हाडाच्या कराव्यात आणि जळलेल्या वस्त्राची राख मेणात कालवून तिने त्या दांड्यावर बसवाव्यात, असा विधी आहे. दक्षिणेतील सरस्वती वीणेचे पितळी पडदे आजही काळ्या मेणातच बसवतात. मेणात बसवलेला पडदा उन्हाने मऊ पडतो, सरकतो आणि कधी निखळतोही. परंतु तो पुन्हा बसवणे हे वीणा बाळगणाऱ्याच्या नित्यकर्मातच मोडते, आणि त्याचा कोणी बाऊ करीत नाही.

शार्ङ्गदेव हा यादवांच्या दरबारी श्रीकरणाग्रणी होता, म्हणजे आजच्या भाषेत हिशेबखात्याचा प्रमुख. ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. कारण आपल्या मुलखात पडदा कोठे असावा याचा निवाडा करणारी माणसे बहुधा दफ्तरातली आढळतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि तारांच्या लांब्या मोजून बावीस श्रुतींचा ताळेबंद मांडू लागले. त्यांचे पुस्तक १९१०मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे सहकारी क्लेमेंट्स हे जिल्हा न्यायाधीश. या मंडळींचे सिद्धांत ज्यांना मान्य नव्हते ते विष्णु नारायण भातखंडे वकिली शिकलेले. १९१६मध्ये बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींवरून जी चर्चा झाली, तिची कल्पना करताना सभेपेक्षा दिवाणी कोर्टच डोळ्यांपुढे उभे राहते. मोजणीदाराने शेताची हद्द आखावी तशी ही विद्वान मंडळी स्वरांची हद्द आखीत होती. देवल-क्लेमेंट्स यांच्या प्रयोगांसाठी प्रत्यक्ष गळा लागला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु निवाडा झाला म्हणजे अंमलबजावणी झाली असे नव्हे. पडदा ठरल्या जागी बसवणे आणि बसलेला राखणे हे काम करणारी माणसे वेगळी होती, आणि सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, मिरजेत, ती आपापल्या दुकानांत मांडी घालून बसली होती. मिरजेची परंपरा अशी सांगते, की तेथील शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. संस्थानांच्या फौजा निःशस्त्र होत गेल्या तशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धारेची गिऱ्हाइके ओसरली, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयास येणाऱ्या गवयांची मोडकी तंतुवाद्ये या कारागिरांच्या हाती आली. पुढे फरीदसाहेबांसारख्यांनी तंबोरे आणि सतारी स्वतः घडवण्यास आरंभ केला, पंढरपूर परिसरातील भीमाकाठच्या शेतांतले मोठाले भोपळे मिरजेस येऊ लागले, आणि शिकलगारांची आडनावे सतारमेकर अशी झाली. म्हणजे या सगळ्या कीर्तीचा आरंभ दुरुस्तीत आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते यथायोग्यच झाले. पण त्या प्रसंगी जे गौरवाचे लेख प्रसिद्ध झाले त्यांत घडवण्याचेच कौतुक अधिक होते. धार लावणाऱ्याच्या हाताने प्रथम काय केले असेल, तर फुटलेला भोपळा सांधला, झिजलेल्या घोडीची जवारी काढली आणि ढिले पडलेले पडदे पुन्हा आवळून बांधले.

सतारीचा पडदा बांधलेला असतो, हा येथे कळीचा मुद्दा आहे. धातूची कमानदार कांब दांडीवर आडवी ठेवून तिच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोरा काढतात, तो दांडीच्या पाठीशी फेरे घेऊन आवळतात, आणि बांधणी अशी राखतात की वादकाने अंगठ्याने रेटल्यास पडदा हलावा, पण वाजवताना हलू नये. राग बदलला की कोमल-तीव्राप्रमाणे काही पडदे वरखाली सरकवायचे. ज्या वाद्यावर पडदा सरकणे हाच गुण आहे, त्याच्या कारागिराला पडदा ढिला झाल्याचे भय ते काय!

गिटारचे धर्मशास्त्र निराळे. युरोपातही पूर्वी ल्यूटसारख्या वाद्यांना आतड्याच्या तातीचे पडदे गुंडाळून बांधीत. परंतु गिटारच्या मानेत ते कायमचे रोवले गेले आणि त्यांच्या जागा गणिताने बांधल्या गेल्या. गॅलिलिओचा पिता व्हिन्चेन्झो गॅलिलेई याने १५८१ साली सांगितलेला नियम असा, की तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजून प्रत्येक पुढचा पडदा बसवावा. साडेसहाशे मिलिमीटर लांबीच्या तारेवर हा नियम लावला तर बारावा पडदा मध्यापासून सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. पण तार दाबताना ताणली जाऊन स्वर किंचित चढतो, त्यामुळे ही चूक बरीचशी भरून निघे आणि सुतारांचे काम भागे. आज अठराऐवजी १७.८१७ने भागतात. पडद्याचा आकारही बदलला: पूर्वीच्या सपाट पट्ट्यांच्या जागी, खाली पाते आणि वर गोलसर माथा असलेली, आडव्या छेदात इंग्रजी टी अक्षरासारखी दिसणारी तार आली, आणि मार्टिन कंपनीने ती १९३४च्या सुमारास स्वीकारली. पात्याला दोन्ही अंगांनी बारीक दात असतात. शिसवात करवतीने अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम अधिक रुंदीची चीर पाडायची, पाते तीत ठोकायचे, आणि दात लाकडात रुतले की सरस असो वा नसो पडदा बसला. त्याचे आसन केवळ लाकडाच्या मिठीवर अवलंबून.

ही मिठी कोकणच्या हवेत टिकत नाही. ती कशी सुटते ते पुढे येईलच; आधी गिटार या मुलखात कशी रुळली ते पाहू. पोर्तुगीजांचा अंमल वसई-ठाण्यावर दोन शतके होता. १७३७त ठाणे आणि १७३९त वसई मराठ्यांनी घेतली, तरी गोव्यात तो राहिला, आणि तेथील चर्चच्या शाळांत सुरावटी वाचायला शिकलेली पोरे पुढे मुंबईच्या बँडांत व बोलपटांच्या वाद्यवृंदांत आली. फुर्तादोंची वाद्यांची पेढी मुंबईत १८६५पासून आहे. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४च्या मे महिन्यात पोहोचली होती, आणि गोवेकर, अँग्लो-इंडियन अशी मंडळी ज्या रेल्वे-वसाहतींत राहत तेथे नाताळच्या सुमारास गिटार निघणे ओघानेच येते. शास्त्रोक्त संगीताच्या दरबारी मात्र या रोवलेल्या पडद्याला मज्जाव होता. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, घेता येत नाही हा जो आक्षेप पेटीवर होता आणि ज्यापायी आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली, तोच गिटारलाही लागू पडे. म्हणून ब्रिजभूषण काब्रांसारख्या कलावंतांनी हवाईयन रीतीचा आश्रय घेतला, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांना स्पर्शही न करता, तारेवरून लोखंडी कांडी सरकवायची. पडदे शाबूत राहिले, पण बेकार झाले. अशा गिटारचा पडदा निखळला तरी कोणाला पत्ता लागणार नाही.

आता पुन्हा विठ्ठलवाडीकडे वळू. तिच्या शेजारी लष्करी छावणीच्या जागी वसलेल्या निर्वासितांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनी बराकींत संसार थाटून जो व्यापार उभारला, त्याचा मोठा आधार म्हणजे कोणतीही वस्तू टाकाऊ न मानण्याची त्यांची सवय. विठ्ठलवाडीच्या अंगाला हीच सवय लागली असल्यास नवल नाही. येथे गिटार दुरुस्त करणाऱ्याला लुथियर म्हणत नाहीत. तो बहुधा सुतारकाम, पेटीकाम किंवा विजेचे काम करता करता या वाटेला लागलेला असतो.

त्याची रीत पाहण्याजोगी आहे. पावसाळ्यात शिसव ओल पिऊन फुगते आणि चिरेच्या कडा पडद्यावर दाबून स्वतःच चेपल्या जातात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड आकसते, धातू आकसत नाही, आणि चेपलेली चीर पूर्ववत मिटत नाही. अशी काही वर्षे गेली की पडद्याचे टोक केसभर वर येते. कारागीर तारा सैल करतो, पोलादी पट्टी तीन पडद्यांवर आडवी धरून कोणता डोलतो ते पाहतो, आणि लाकडी ठोकळा मधे घालून हलक्या हातोडीने उठलेले टोक खाली बसवतो. टोक पुन्हा उसळले, तर पाण्यासारखा पातळ सरस सुईच्या अग्राने चिरेच्या तोंडाशी सोडायचा, तो आत ओढला जाईतो थांबायचे, आणि लगेच शिकंजा आवळून ठेवायचा. सरस पट्टीवर सांडला तर शिसवावर पांढरे डाग उठतात; म्हणून आजूबाजूला आधी मेण चोळून ठेवतात. शार्ङ्गदेवाच्या कृतीत मेण पडदा धरून ठेवी, येथे ते सरसाला दूर ठेवते.

चीरच पोखरली असेल तर काम वाढते. तापल्या कावियाने पडदा गरम करून, चिमट्याने एका टोकापासून हळूहळू उपसून काढावा लागतो, कारण घाई केल्यास शिसवाचे कपचे उडतात. मग चिरेत शिसवाचा भुसा आणि सरस भरून ती पुन्हा कापायची, किंवा जुन्याच पडद्याचे पाते पकडीने जागोजाग चिमटून जाड करायचे. नवा पडदा शेजाऱ्यांहून उंच राहिला तर कानशीने सगळेच एका पातळीत आणून पुन्हा गोलवावे लागतात. ही मजुरी जुन्या गिटारच्या किमतीच्या जवळपास जाते, त्यामुळे गिऱ्हाईक बहुधा सरसावरच समाधान मानते, तारा चढवून घेते, आणि उरलेले काम पुढच्या दिवाळीनंतर पाहू म्हणून निघून जाते.