तऱ्हाळ्याची नाणी आणि वाचनाची शिस्त

रोमन सम्राटांचे चांदीचे नाणे ओळखणे हे मुळात वाचनच आहे. टायबेरियसचा देनारियस घेऊ. एका बाजूस पर्णमुकुट घातलेले मस्तक आणि कडेने 'टि सीझर दिवि ऑग एफ ऑगस्टस' ही संक्षिप्ताक्षरे : दिव्य ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस. मागे आसनस्थ स्त्री आणि 'पोंतिफ मॅक्सिम', अर्थात प्रमुख धर्माधिकारी. पुढील अनेक सम्राटांच्या नाण्यांवर अधिकारवर्षाचा आकडाही असतो. त्यावरून नाण्याचा काळ सांगता येतो. संस्कृतातील 'दीनार' हा शब्दही देनारियसवरूनच आला.

वऱ्हाडातील नाणी इतकी बोलकी नाहीत. तऱ्हाळा हे मंगरूळपीर तालुक्यातील गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, आज ते वाशीम जिल्ह्यात आहे. तेथे १९३९ साली सातवाहनांच्या दीड हजारांच्या आसपास नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी चांदीची नव्हेत, पोटिन या मिश्रधातूची आहेत. एका बाजूस हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे नाव बहुधा अर्धेच उमटलेले. कुठे आरंभीची अक्षरे, कुठे शेवटची.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही नाणी एकमेकांशी ताडून वाचली. एका नाण्यावर तुटलेले नाव दुसऱ्यावरून पुरे होई. या वाचनातून पुराणांच्या वंशावळीत नसलेली कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही नावे पुढे आली. शक सातकर्णी म्हणजेच माढरीपुत्र शकसेन असावा, असेही काही अभ्यासकांनी सुचविले.

संहितेच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. अर्धे नाव हाती आले, की ज्ञात यादीतील नावाने ते पुरे करण्याचा मोह होतो. पुराणे राजांचा क्रम आणि राज्यवर्षे देतात, ती नाणी देत नाहीत. परंतु पुराणांचे मौन म्हणजे राजाचा अभाव नव्हे. मोह टाळायचा, तर अक्षरांची पूर्ती अक्षरांनीच व्हावी लागते, आणि त्यासाठी साठा एकत्र असावा लागतो.

म्हणूनच शेतात गाडगे सापडले आणि नाणी घरोघर वाटली गेली किंवा सोनाराच्या मुशीत गेली, तर केवळ धातू जात नाही. एका नाण्याचा दुसऱ्याला असलेला आधार जातो. १८७८ चा निखात निधी कायदा अशी ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्यास सांगतो. वर्गात पाठभेद शिकविताना ही गोष्टही विद्यार्थ्यांच्या कानावर घातली पाहिजे.