ड्रिलची बॅटरी आणि आतला रोध

कुडव्यात दाराला बिजागरी बसवायला येणाऱ्या सुताराच्या हातात आता बिनवायरीचे ड्रिल दिसते. त्याची बॅटरी बदलायची झाली की गोंदियाच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, 'किती व्होल्टची?' प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक सागाच्या लाकडात ड्रिल फिरवते, तर दुसरी ते अर्ध्यावर थांबवते. असे का, हे समजायला थोडे मागे जाऊ.

१८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम घट बनवला. त्याचे विभवांतर १.२ व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या साध्या सेलपेक्षाही कमी! तरी पुढे ड्रिलसाठी निवड झाली ती याचीच, कारण त्याचा अंतर्गत रोध कमी होता. धारा वाहू लागली की धारा गुणिले अंतर्गत रोध एवढे विभवांतर घटाच्या आतच खर्च होते. टॉर्चचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अडकलेले ड्रिल ३० अँपिअर मागू शकते. बॅटरीचा रोध ०.२ ओहम असेल तर १८ पैकी ६ व्होल्ट आतच गेले, आणि १८० वॅट उष्णता झाली ती वेगळीच. रोध ०.०६ ओहम असेल तर फक्त १.८ व्होल्ट जातात.

१९३० च्या दशकात सच्छिद्र पट्ट्या आल्या, पृष्ठभाग वाढला आणि रोध आणखी उतरला. १९४७ च्या सुमारास घट पूर्ण बंदिस्त करता आला. हे महत्त्वाचे, कारण ड्रिल उलटेही धरावे लागते. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने बिनवायरीचे ड्रिल बाजारात आणले. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राची जमीन बॅटरीच्याच ड्रिलने पोखरली. तिथे चांदी-जस्ताचे घट होते. खर्चाचा प्रश्न नसला की निवड सोपी होते!

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट विक्रीला आणला. हलका, ३.६ व्होल्टचा, पण तो कॅमेऱ्यासारख्या बेताच्या धारेच्या उपकरणांसाठी. ड्रिलला पेलणारे, मँगनीजयुक्त धन-अग्राचे घट मिल्वॉकीच्या २८ व्होल्टच्या अवजारांत आले ते २००५ मध्ये. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने २०१६ अखेर अशा अवजारांतूनही त्याला हद्दपार केले.

आजच्या १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच घट एकसरीत असतात. दहा घटांच्या पॅकमध्ये दोन-दोन घट समांतर जोडलेले असतात, म्हणून रोध निम्मा होतो. मोठा पॅक जास्त वेळ टिकतो एवढेच नाही, जोरही जास्त देतो. मात्र नुसता अँपिअर-तासांचा आकडा पाहून फसू नये: जास्त साठ्याचा पण जास्त रोधाचा घट घड्याळाला चालेल, ड्रिलला नाही.

वर्गात हे दाखवायला ड्रिल लागत नाही. एक नवा आणि एक वापरलेला टॉर्चचा सेल घ्या. व्होल्टमीटर लावला तर दोन्हींच्या आकड्यांत फारसा फरक नसतो. आता मीटर तसाच ठेवून बल्ब जोडा. नव्या सेलवर काटा जरासा हलतो, जुन्यावर तो धाडकन खाली येतो. जोराची बॅटरी ओळखायची ती याच घसरणीवरून.