हलक्या अल्केनपासून ॲरोमॅटिक संयुगे : धातुयुक्त झिओलाइट उत्प्रेरकांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बेंझीन, टोल्यूइन व झायलीन ही ॲरोमॅटिक संयुगे म्हणजे प्लास्टिक, कृत्रिम धागे, रंग व औषधे यांच्या निर्मितीतील पायाभूत कच्चा माल होय. ती मुख्यत्वे नाफ्थ्यापासून मिळविली जातात. प्रोपेन व ब्यूटेन हे हलके अल्केन रासायनिकदृष्ट्या फारसे क्रियाशील नसल्याने बहुतांशी जळण म्हणूनच वापरले गेले. त्यांचे ॲरोमॅटिक संयुगांत रूपांतर करणाऱ्या उत्प्रेरकांच्या इतिहासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. उत्प्रेरकाच्या क्रियाशीलतेइतकाच त्याचा टिकाऊपणा निर्णायक ठरतो, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

पार्श्वभूमी :
तापविल्यावर उकळल्यासारख्या दिसणाऱ्या खनिजास स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेट यांनी १७५६ साली ‘झिओलाइट’, म्हणजे ‘उकळणारा दगड’, हे नाव दिले. खनिज तेलाच्या भंजनासाठी झिओलाइटचा औद्योगिक वापर मात्र १९६२ च्या सुमारास, मोबिल कंपनीतील प्लँक व रोझिन्स्की यांच्या संशोधनातून सुरू झाला. याच कंपनीतील आर्गॉअर व लँडोल्ट यांना १९७२ मध्ये झेडएसएम-५ या झिओलाइटचे एकस्व मिळाले. त्याची सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंदीची छिद्रे बेंझीनच्या रेणूस जेमतेम वाट देतात. त्यामुळे अनेक वलयांचे मोठे रेणू आत सहजी तयार होत नाहीत व कार्बनचा थर मंद गतीने साचतो.

धातूंची निवड :
प्रोपेनच्या दोन रेणूंपासून बेंझीनचा एक रेणू तयार होताना हायड्रोजनचे पाच रेणू मुक्त व्हावे लागतात. केवळ आम्लधर्मी झेडएसएम-५ वापरल्यास यातील बराचसा हायड्रोजन इतर रेणूंकडे जाऊन मिथेन, इथेन यांसारखी कमी मोलाची उत्पादने वाढतात. हायड्रोजनला बाहेरची वाट करून देणे हे धातूचे कार्य होय. प्लॅटिनम हे कार्य वेगाने करते. परंतु ते कार्बन-कार्बन बंधही तोडते आणि उच्च तापमानास त्याचे सूक्ष्म कण एकत्र येतात. जस्त परिणामकारक असले तरी हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची वाफ होऊन ते हळूहळू निघून जाते. गॅलियमची गती तुलनेने कमी असली, तरी ते झिओलाइटमध्ये टिकून राहते.

औद्योगिक उपयोजन :
बीपी व यूओपी या कंपन्यांनी विकसित केलेल्या ‘सायक्लर’ प्रक्रियेत म्हणूनच गॅलियमयुक्त झिओलाइट स्वीकारण्यात आले. उत्प्रेरकावरील कार्बन जाळून त्याचे सतत पुनरुज्जीवन करण्याची यूओपीची पद्धती तिला जोडण्यात आली. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे १९९० च्या सुमारास तिची चाचणी झाली व १९९९ मध्ये सौदी अरेबियातील यान्बू येथे व्यापारी संयंत्र सुरू झाले. जेथे प्रोपेन व ब्यूटेन मुबलक आणि स्वस्त, तेथेच ही प्रक्रिया रुजली, ही बाब लक्षणीय आहे.

भारतीय संदर्भ :
पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. आर. चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियमयुक्त झिओलाइटवर मोलाचे संशोधन केले. ऑक्सिजनविना ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला, इतर हायड्रोकार्बनच्या सोबतीने मिथेनचेही ॲरोमॅटिक संयुगांत रूपांतर होऊ शकते, हा त्यांचा शोधनिबंध १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तथापि आपल्याकडे प्रोपेन व ब्यूटेन हे मुख्यतः स्वयंपाकाच्या गॅसचे घटक असून त्या गॅसचा मोठा हिस्सा आयात होतो. यान्बूचे अर्थगणित येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

समारोप :
उत्प्रेरकाचा इतिहास शिकविताना आपण बहुधा शोधाच्या वर्षापाशी थांबतो. साचणारा कार्बन, उडून जाणारा धातू आणि कच्च्या मालाची किंमत या गोष्टी अभ्यासक्रमात दुय्यम ठरतात. वरील आढावा पाहता, प्रयोगशाळेतील यश कारखान्यापर्यंत पोहोचते की नाही, हे याच गोष्टींवरून ठरले आहे. म्हणून रसायनशास्त्राच्या अध्यापनात त्यांना योग्य स्थान मिळणे आवश्यक वाटते.