रेघेचा धनी

दिवाळीची भेटकार्डे आता पोस्टमनच्या झोळीतून फारशी येत नाहीत. ती मोबाइलवर येतात. त्यांत पणती असते, आकाशकंदील असतो, आणि पुष्कळदा तांबड्या जमिनीवर पांढऱ्या रेघांची माणसे हातात हात गुंफून फेर धरीत असतात. मध्यभागी एकजण तारपा वाजवीत असतो. हे चित्र कसले, असे विचारले तर घरातले शाळकरी पोरही ‘वारली’ असे उत्तर देईल. पण कोणत्या वारल्याचे? काढणाऱ्याचे नाव काय? गाव कोणते? त्याला या चित्राचे काही मिळाले का? येथे मात्र सारे घर निरुत्तर होते. ज्याने चित्र पाठविले त्याला ते दुसऱ्याने पाठविलेले असते, आणि त्या दुसऱ्याला तिसऱ्याने. इंटरनेटवरील चोरी म्हटली की आपल्याला नवा सिनेमा किंवा बँकेतले पैसे आठवतात. परंतु आपल्याच राज्यातल्या कोकणाच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत, चोरी कशाला म्हणावयाचे हाच प्रश्न गेली पाऊणशे वर्षे वेगवेगळी रूपे घेऊन उभा राहिला आहे.

आरंभ लग्नाच्या चौकापासून केला पाहिजे. वारल्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे सवाशिणी झोपडीची भिंत सारवून गेरूने रंगवितात, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग कालवितात आणि बांबूच्या काडीने चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते, देवतांना बोलाविते. या चौकाखाली कोणी सही करीत नाही. मावशीचा चौक पाहून भाची शिकते, भाचीचा पाहून तिची लेक. नक्कल येथे आहेच. किंबहुना नकलेवाचून ही विद्या टिकलीच नसती. परंतु या नकलेला मान आहे, नाते आहे, आणि ज्या घरासाठी ती करावयाची ते घर डोळ्यांसमोर आहे. काही दिवसांनी भिंत पुन्हा सारवली जाते आणि चौक मिटतो.

ज्या लग्नासाठी हा मंगल चौक लिहावयाचा, तेच लग्न एके काळी वारल्याच्या गळ्यातला फास होत असे. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज काढावे, आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनीही त्याच्याकडे राबावे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ते कर्ज वर्षानुवर्षे फिटत नसे. याखेरीज वेठ होतीच. धन्याने बोलाविले की आपले शेत टाकून जावयाचे. मोल मागावयाचे नाही.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची मोठी सभा भरली. झरी त्या वेळी उंबरगाव तालुक्यात होते. पुढे १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने भरविलेल्या त्या सभेत ठरले ते असे, की वेठ करावयाची नाही, आणि धन्याच्या खाजगी जमिनीवर रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय राबावयाचे नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली ठार झाले. पण वेठ आणि लग्नगड्याची चाल या लढ्याने उखडून काढली. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेविली आहे. त्या बारा आण्यांत केवळ मजुरी नव्हती. हे काम माझे आहे आणि त्याला मोल आहे, हे वारल्याने धन्याच्या तोंडावर सांगितले, हे त्यातले मोठेपण होते.

त्याच तलासरी तालुक्यातल्या धामणगावी १९३४ साली जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी, म्हणजे साधारण या लढ्याच्याच सुमारास, ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहावयास आले. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात हिंडू लागले. त्यांनी पूर्वी बिहारातल्या मिथिलेत बायकांच्या हाती कागद देऊन भिंतीवरची चित्रे कागदावर उतरविली होती. येथेही त्यांनी तेच केले. सवाशिणींचे हे काम म्हसे या पुरुषाने मनापासून उचलले आणि लग्नाच्या चौकाबाहेर आणले. शेते, कोळ्यांची जाळी, मुंग्या, पक्षी, तारप्याचा फेर, सारे त्यांच्या कागदावर आले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते वारले.

भिंतीवरून कागदावर येताना चित्राला दोन गोष्टी नव्याने मिळाल्या. एक, काढणाऱ्याची सही, दुसरी, बाजार. म्हणजे चित्राला प्रथमच एका माणसाच्या नावाचा धनी मिळाला. पण कागदावरून ते संगणकात गेले तेव्हा त्यातली सही गळली आणि बाजार तेवढा उरला. संगणकाला ही आकृती फार सोपी आहे. धडाचे दोन त्रिकोण, डोक्याचे एक वर्तुळ, हातापायांच्या चार रेघा. एकदा तिचे टिपण करून ठेविले की ती टाचणीच्या डोक्याएवढी करा नाहीतर भिंतीएवढी, तिची कड फिसकटत नाही. मग ती चादरीवर, कपबशीवर, मोबाइलच्या वेष्टनावर, कोठेही छापावी. कोपऱ्यातले नाव कापावयास एक क्षणही लागत नाही.

कायदा नाही असे नाही. १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. चित्र काढले त्याच क्षणी त्यावर चित्रकाराचा हक्क बसतो. नोंदणीचीही अट नाही. हा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे म्हसे यांच्या चित्रांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०७८ सालच्या अखेरपर्यंत चालेल. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनुसार, इंटरनेटवर नक्कल सापडली तर धन्याने ती ठेवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. कंपनीने ३६ तासांत ती नजरेआड करावी. आणि २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आला नाही तर तिला ती पुन्हा दाखविण्याची मोकळीक आहे. कागदावर हे सरळ दिसते. परंतु कळंबीपाड्यावरच्या माणसाने आपली रेघ जगाच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणाच्या चादरीवर छापली जाते हे शोधावयाचे केव्हा, आणि २१ दिवसांत वकील गाठावयाचा कसा?

शिवाय हा कायदा एका कर्त्याचे एक चित्र ओळखतो. धर्तीवर तो कोणाचाच हक्क मानीत नाही. म्हसे यांच्या चित्राची नक्कल करणे गुन्हा आहे. वारली धर्तीचे नवे चित्र कोणीही काढले तरी गुन्हा नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या निनावी सवाशिणींचे काय? त्यासाठी दुसऱ्या कायद्याचा आधार घेण्यात आला. १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखाली आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीने वारली चित्रकलेची २०१४ साली नोंद झाली. याच साली १ ऑगस्टला पालघर जिल्हा निर्माण झाला, हा एक योगायोग. दोन वर्षांनी डहाणू-घोलवडच्या चिकूलाही हेच मानांकन मिळाले. दोहोंतला भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. चिकूला माती लागते, खाडीवरचा वारा लागतो. तो तारेवरून पाठविता येत नाही. चित्र पाठविता येते. मानांकन नावाची राखण करते, आकृतीची करीत नाही. भलत्या मालावर ‘वारली’ अशी पाटी लावली तर हटकता येते. पाटीच लावली नाही तर हटकावे कसे?

हा पेच आपल्या एकट्याचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची पवित्र चित्रे व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून पर्थच्या एका कंपनीने विकावयास आणली. १९९४ साली तेथील न्यायालयाने चित्रकारांना १ लाख ८८ हजारांवर डॉलरची भरपाई ठरविली. जे देवाचे, ते लोकांच्या पायाखाली गेले, हे दुःखही न्यायाधीशांनी त्या भरपाईत मोजले. पण तेथेही दावा लागू शकला तो चित्रकारांची नावे ठाऊक होती म्हणून.

यावर कोणी म्हणेल, की नकलेनेच वारली चित्र जगभर गेले. कुलूप घातले असते तर ते डहाणूच्या डोंगरातच राहिले असते. यात तथ्य आहे. नक्कल आणि वेठ एकच, असेही म्हणता येणार नाही. वेठ माणसाला शेतातून ओढून नेई; नक्कल त्याला नकळत होते, आणि चित्र त्याच्याजवळही उरते. पण एका बाबतीत दोहोंचे साम्य आहे. दोन्हींत श्रम एकाचे आणि मोल दुसऱ्याचे. आणि दोन्हींत घेणाऱ्याला वाटते, की यात विचारावयाचे ते काय?

झरीच्या सभेने शेती बंद करा असे म्हटले नव्हते. बारा आणे द्या, एवढेच म्हटले होते. चित्राच्या बाबतीतही मागणे याहून मोठे नाही. चौक भिंतीवर होता तोवर त्याला सहीची गरज नव्हती, कारण लिहिणारीला सारा पाडा ओळखत होता. आज तेच चित्र अनोळखी माणसांच्या हातांतून फिरते, म्हणून त्याच्याबरोबर नाव गेले पाहिजे. चित्र विकत घेताना काढणाऱ्याचे नाव आणि पाडा विचारावा. छापताना परवानगी आणि मोबदला यांची गोष्ट आधी करावी. मोबाइलवरून पुढे पाठविताना कोपऱ्यातली सही कापू नये. कायदा ज्या दिवशी चादर विणणाऱ्यापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर या दिवाळीत आपल्या घरी आलेल्या चित्राखाली नाव आहे की नाही, एवढे तरी आपण सर्वांनी मिळून पाहावे.