'वर' आणि 'ऊबर'

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच्या आधीपासूनच चाकण पट्ट्यात जर्मनचे क्लास भरलेले असतात. कुरुळीतल्या खोलीवर ऑफिस सुटल्यावर मीही तेच करतो. आम्हा इंजिनिअरांची पद्धत ठरलेली : आधी वाक्य इंग्रजीत जुळवायचं, मग त्याचं जर्मन करायचं.

'टू' आला की गाडी अडते. पुण्याला जायचं तर 'नाख', डॉक्टरकडे जायचं तर 'त्सू', गावात जायचं तर 'इन'. इंग्रजीत तिन्हीकडे 'टू' चालतो. मराठीत मात्र 'ला', 'कडे', 'त'. हे शब्द एकमेकांचे नातलग नाहीत आणि प्रत्येक वेळी जुळतीलच असंही नाही, पण फरक करायची सवय आपल्याला आधीच आहे. मग मध्ये इंग्रजी कशाला?

खरं नातं आणखी जुनं आहे. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्यात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात. १८१६ मध्ये फ्रान्झ बोप या जर्मन अभ्यासकाने त्यांची क्रियापदं शेजारी ठेवून ते सविस्तर दाखवलं, जर्मनसकट. म्हणजे जर्मन लोक आपल्या भाषेचा वंश शोधत संस्कृतकडे आले, आणि आपण जर्मनकडे जातो ते इंग्रजीच्या पुलावरून!

शाळेतलं संस्कृत आठवा. गावात राहतो : 'ग्रामे', सप्तमी. गावाला जातो : 'ग्रामम्', द्वितीया. जर्मनमध्ये 'इम डोर्फ' आणि 'इन्स डोर्फ'. तिथली जुनी सप्तमी चतुर्थीत मिसळली, पण जागा आणि दिशा यांतला भेद टिकला. वेदात उपसर्ग क्रियापदापासून सुटून लांब जाऊ शकतो, हे पाणिनीने नोंदवलं आहे. जर्मन 'आनकोमेन', म्हणजे पोचणे, याचा 'आन' तसाच सुटून वाक्याच्या टोकाला जातो.

माझा लाडका शब्द 'ऊबर'. तो आणि संस्कृत 'उपरि' एकाच मुळाचे. इंग्रजी 'ओव्हर'ही त्याच घरातला. 'उपरि'चं मराठीत 'वरी' झालं, ते ज्ञानेश्वरीतही भेटतं, आणि पुढे 'वर'.

तरी मराठीवर सगळा भार टाकता येत नाही. पुस्तक टेबलावर आहे, पुस्तक टेबलावर ठेव : आपलं 'टेबलावर' तेच. जर्मनमध्ये पहिल्याला 'डेम टिश', दुसऱ्याला 'डेन टिश'. त्यांच्याकडे प्रश्नही दोन, 'वो' आणि 'वोहिन'. आपण दोन्हीला 'कुठे' म्हणतो.