हिंगोलीचा सारा आणि लंडनचा लाभांश : हैदराबाद दख्खन कंपनीच्या भागविक्रीची हकीकत

हिंगोली हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस दोन-तीन कारणांनीं परिचित आहे. नामदेवांचें नर्सी त्याच टापूंत, नागनाथाचें औंढेंही त्याच टापूंत. आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी १९०३ सालापर्यंत खुद्द हिंगोलीस होती. ठगांच्या बंदोबस्ताच्या हकीकतींतही या छावणीचें नांव येतें. कापसाची पेठ म्हणूनही गांवाचा लौकिक जुनाच. परंतु हिंगोली, कळमनुरी, वसमत या तालुक्यांतील कुळांनीं भरलेल्या साऱ्याचा संबंध लंडनच्या शेअरबाजाराशीं कसा जडला, या गोष्टीकडे आपल्याकडील लेखकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या संबंधाचा एक भाग मांडावयाचा आहे. अर्थात् हिंगोलीच्या अमक्या खातेदाराचा अमका रुपया लंडनला पोंचला, असें कोणासही दाखवितां येणार नाहीं. दरबारचा खजिना एकच होता. त्यांत परभणी जिल्ह्याचा वसूल जसा पडे तसाच तेलंगणाचा व कर्नाटकाचाही पडे. देणें मात्र सर्वांच्या वतीनें दिलें जाई.

या देण्याची पहिली संवय रेल्वेनें लाविली. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ सालीं सुरू झाला. पहिले सालारजंग ८ फेब्रुवारी १८८३ रोजीं वारले, आणि त्याच वर्षीं रेल्वेच्या विस्ताराची व ती लंडनच्या कंपनीकडे सोंपविण्याची योजना पुढें आली. चांदा रेल्वेची योजना म्हणून ती ओळखली जाते. तिच्या अटी लोकांपुढें मांडाव्या अशी मागणी करणारांत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे प्रमुख होते. सरोजिनी नायडू यांचे ते वडील. या मागणीबद्दल त्यांस १८८३ च्या मे महिन्यांत हद्दपार करण्यांत आलें. अटी जाहीर करा म्हणणारा हद्दपार होतो, यावरूनच अटी कशा असाव्यात याचा अंदाज वाचकांनीं करावा. कंपनी निघाली, आणि तिच्या भांडवलावर दरबारानें २० वर्षेंपर्यंत दरसाल दर शेंकडा ५ प्रमाणें हमी दिली.

हमी पौंडांत होती. सारा हाली शिक्क्यांत जमा होई. १८८३-८४ च्या सुमारास कलदार रुपयाचा भाव साडेएकोणीस पेन्स होता, म्हणजे एका पौंडास सव्वाबारा रुपयांच्या आसपास पडत. चांदी उतरत गेली आणि १८९४-९५ मध्यें हाच भाव तेरा पेन्सांच्या जवळ आला. त्याच पौंडास अठरा रुपये मोजावे लागूं लागले. त्यांतही कलदार आणि हाली यांत बट्टा होताच. पुढें स्थिरावलेल्या दरानें शंभर कलदारांस सुमारें ११६ हाली पडत. लंडनच्या भागधारकास पांच टक्के ते पांचच मिळाले. ते देणारास मात्र पूर्वींच्या जवळजवळ दीडपट द्यावे लागले. पूर्णेहून हिंगोलीस गाडी १९१२ सालीं आली. ज्या रेल्वेच्या हमीचा भार हिंगोलीनें वीस वर्षें वाहिला होता, तिचा डबा तिच्या दृष्टीस पडावयास इतका काळ जावा लागला.

आतां मूळ विषयाकडे वळूं. गोदावरीच्या पलीकडे येल्लंडूजवळ दगडी कोळसा आहे, हें भूगर्भशास्त्र खात्याच्या डॉ. किंग यांनीं १८७१ च्या सुमारास दाखवून दिलें होतें. दुसरे सालारजंग दिवाण असतां १८८६ च्या जानेवारींत संस्थानांतील खनिजांचा ९९ वर्षांचा मक्ता वॉट्सन व स्ट्यूअर्ट या इंग्रज गृहस्थांस देण्यांत आला. मक्तेदारांनीं कंपनी काढावी व तिनें खाणी चालवाव्या, असा करार होता. त्याप्रमाणें हैदराबाद दख्खन कंपनी लंडन येथें नोंदली गेली. भांडवल दहा लक्ष पौंड, दहा पौंडांचा एक याप्रमाणें एक लक्ष शेअर. आंकडा मोठा भारदस्त आहे! परंतु त्यांतील ८५,००० शेअर पूर्ण भरणा झालेले असें मानून, मक्त्याची किंमत म्हणून मक्तेदारांनीं स्वतःकडे ठेवले. रोख पैसा आला तो उरलेल्या १५,००० शेअरांवर, आणि तोही प्रत्येकी पांच पौंडच. म्हणजे दहा लक्षांच्या कंपनीच्या पेटींत खाण खणण्यासाठीं आलेली रोकड ७५,००० पौंड.

या वांटणीचा अर्थ नीट ध्यानांत येण्यास थोडें गणित केलें पाहिजे. भरणा झालेल्या रकमेच्या प्रमाणांत लाभांश वांटावयाचा असें धरलें, तर वांटणीस आलेल्या दर ९२५ पौंडांपैकीं ८५० मक्तेदारांच्या शेअरांस जाणार आणि रोख पैसे भरणारांच्या वांट्यास ७५ येणार. शिवाय त्यांच्या शेअरांवर आणखी पांच-पांच पौंड मागण्याचा हक्क कंपनीकडे राहिलाच होता. ८५,००० शेअर ज्यांचे, त्यांच्या हातीं सभेंतील मतें. सारांश, पैसा एकाचा, मत दुसऱ्याचें, आणि खाण तिसऱ्याच्या भूमींत.

मक्तेदारांच्या या फुकट शेअरांस किंमत येण्यास एकच उपाय होता. ते कोणास तरी विकले गेले पाहिजेत. आणि येथेंच दरबार स्वतः गिऱ्हाइक म्हणून पुढें आला. संस्थानच्या वतीनें हा व्यवहार पाहणारे अधिकारी सरदार दिलेरुल्मुल्क अब्दुल हक हे होते. रेल्वेच्या व खाणींच्या वाटाघाटींत संस्थानचे मुखत्यार तेच. त्यांच्या मार्फत हैदराबाद सरकारनें या कंपनीचे हजारों शेअर दहा पौंडांच्या दर्शनी किमतीहून अधिक भावानें विकत घेतले. पुढें उघडकीस आलें तें असें कीं, विकणारांच्या बाजूसही अब्दुल हक यांचाच हितसंबंध होता. आपलाच मक्ता देऊन जन्मास आलेल्या कंपनीचे शेअर दरबारानें आपल्याच मुखत्याराकडून चढ्या भावानें घेतले, असा हा प्रकार. पेढीवरील साधा मुनीमही मालकाचा माल मालकास विकूं धजत नाहीं.

बोभाटा झाला. १८८८ सालीं अब्दुल हक यांस कामावरून दूर करण्यांत आलें, आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सनें चौकशीसाठीं निवडक समिति नेमिली. निजाम सरकारची बाजू मांडण्यास मेहदी अली, म्हणजे पुढें अलीगढच्या कार्यामुळें विशेष प्रसिद्धीस आलेले मोहसिनुल्मुल्क, हे विलायतेस गेले. समितीच्या साक्षी वाचतांना एक गोष्ट ठळकपणें जाणवते. सर्व चर्चा दरबारची फसवणूक झाली कीं नाहीं आणि रेसिडेंटानें वेळीच लक्ष घातलें कीं नाहीं, याभोंवतीं फिरते. दरबार या कंपनींतील एक अल्पसंख्य भागधारक आहे, आणि या नात्यानें त्याचे कांहीं हक्क आहेत, ही दृष्टि तींत गौण राहते.

तसें होण्यास कायद्याचेंही कारण होतें. कंपनीचें नुकसान झालें असतां दावा कंपनीनेंच लावावा, आणि लावावा कीं नाहीं हें बहुमतानें ठरवावें, हा नियम इंग्लिश न्यायालयानें फॉस विरुद्ध हारबॉटल या खटल्यांत १८४३ मध्येंच घालून दिला होता. ज्यांनीं नुकसान केलें त्यांचेंच बहुमत असलें तर काय करावें, याचें समाधानकारक उत्तर त्या नियमांत नाहीं. दुसऱ्या बाजूनें पाहतां, एर्लांगरच्या १८७८ च्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्डसनें असें ठरविलें होतें कीं, कंपनी उभारणारानें स्वतःची मालमत्ता कंपनीस विकतांना स्वतंत्र संचालक मंडळापुढें सर्व खरी हकीकत उघड केली पाहिजे. तत्त्व उत्तम. पण तें कंपनीच्या खरेदीस लागू. शेअर एका हातांतून दुसऱ्या हातांत गेले असतां घेणारास त्याचा थोडाच उपयोग. अल्पसंख्यांवरील जुलुमाविरुद्ध स्वतंत्र दाद इंग्लंडांत १९४८ च्या कायद्यानें आली, आणि हिंदुस्थानांत १९५१ सालच्या दुरुस्तीनें व पुढें १९५६ च्या कायद्याच्या कलम ३९७ व ३९८ नें. हैदराबादच्या खजिन्यास तिचा उपयोग व्हावयाचा काळ कधींच निघून गेला होता.

लाभांशावरील कराची गोष्ट याहून कमी गाजली, पण आमच्या मतें ती तितकीच महत्त्वाची आहे. कंपनी कोठें नोंदली आणि तिचा कारभार कोठून चालतो, यावर तिचा कर ठरे. कलकत्ता ज्यूट मिल्सच्या १८७६ च्या खटल्यांत इंग्लिश न्यायालयानें निर्णय दिला कीं, गिरणी बंगालांत असली तरी संचालक मंडळ लंडनांत बसतें, म्हणून सर्व नफ्यावर इंग्लंडचा कर लागेल. हैदराबाद दख्खन कंपनीचें मंडळ लंडनचेंच. कंपनीनें नफ्यावर कर भरावयाचा आणि तो लाभांशांतून कापून घ्यावयाचा, अशी तेथील पद्धति होती. १८८८-८९ मध्यें हा कर पौंडास ६ पेन्स होता, म्हणजे चाळिसावा हिस्सा. वरील उदाहरणांतील ७५ पौंडांतून १ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स जात. रक्कम क्षुल्लक खरी. परंतु दीडशें पौंडांहून कमी प्राप्ति असलेल्या इंग्रज विधवेस ती परत मागतां येई. येल्लंडूचा कोळसा ज्या राज्याचा, त्या राज्यांत मात्र त्या काळीं प्राप्तीवरील करच नव्हता. भूमि निजामाची, मजूर तेलंगणाचे, आणि नफ्यावरील कर व्हिक्टोरिया राणीच्या खजिन्यांत!

पुढें हाच दर पहिल्या महायुद्धांत पौंडास ६ शिलिंगांवर गेला, म्हणजे शेंकडा ३०. आणि १९१८-१९ पासून १९२१-२२ पर्यंत तेथेंच राहिला. याच अवधींत, २३ डिसेंबर १९२० रोजीं, सिंगारेणी कॉलियरीज कंपनी हैदराबादच्या कंपनी-कायद्याखालीं नोंदली गेली, आणि लंडनच्या जुन्या कंपनीची मालमत्ता व देणें तिनें आपल्याकडे घेतलें. विलायतेंतील कर हें या स्थलांतराचें एकमेव कारण होतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण दोन तारखा इतक्या जवळ आल्या असतां हिशेबी माणसाच्या ध्यानांत तो विचार आलाच नसेल, असें मानणेंही कठीण आहे. नुसती नोंदणी हलवून भागत नाहीं, कारभारही हलवावा लागतो, हें डी बिअर्सच्या १९०६ च्या निकालानें तोंवर स्पष्ट झालें होतें.

रेल्वे दरबारानें १ एप्रिल १९३० रोजीं कंपनीकडून घेतली. सिंगारेणीचे बहुसंख्य शेअर १९४५ सालीं घेतले. आजची एखादी बहुराष्ट्रीय कंपनी आपला वांटा दुसरीस विकते, तेव्हां जो प्रश्न उभा राहतो तोच या १९४५ च्या व्यवहारांतही होता. मोठा वांटा ज्या भावानें गेला, तो भाव किरकोळ शेअरवाल्यांस मिळाला पाहिजे कीं नाहीं? त्या वेळच्या कायद्यांत तसें बंधन नव्हतें. आपल्याकडे तें सेबीच्या १९९७ च्या नियमांनीं पक्कें झालें. २०११ च्या नियमांप्रमाणें पंचवीस टक्क्यांची मर्यादा गांठणारानें इतरांकडून आणखी किमान २६ टक्के घेण्याची तयारी जाहीर केली पाहिजे. करांतही असेच फेरफार झाले. कंपनीनें भरलेल्या करांचें श्रेय भागधारकास देण्याची जुनी रीत १९५९ त संपली. १ जून १९९७ पासून वांटणीवरील कर कंपनीच भरी, आणि १ एप्रिल २०२० पासून तो पुन्हां घेणाराच्या शिरावर आला. परदेशी मालकास करारांतील सवलतीचा दर मिळतो आणि हिंगोलीच्या निवृत्त शिक्षकास त्याच्या उत्पन्नाच्या पायरीचा. लाभांश एकच, परंतु कोणाच्या हातीं किती उरेल तें त्या हाताच्या ठिकाणावर अवलंबून, ही १८८८ ची स्थिति अद्याप पालटलेली नाहीं.

हिंगोलीपुरतें या प्रकरणाचें शेवटचें पान १ नोव्हेंबर १९५६ चें आहे. त्या दिवशीं हैदराबाद राज्य विसर्जित झालें. मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले. त्यांत परभणी होता, आणि परभणींत हिंगोली. सिंगारेणीचा नियंत्रक वांटा आंध्रप्रदेशाकडे गेला. चढ्या भावाचे ते शेअर असोत कीं १९४५ ची खरेदी असो, दोन्हींचा पैसा ज्या खजिन्यांतून गेला त्यांत मराठवाड्याचा सारा होता. कोळसा गोदावरीपलीकडचा, म्हणून वांटा तिकडे जाणें व्यवहारास धरूनच झालें. पण पूर्वीं रयतेच्या पैशानें तो घेतांना तिला जसें कोणीं विचारिलें नाहीं, तसें हा वांटा हातांतून जातांनाही कोणीं विचारिलें नाहीं. पुढें केंद्र सरकार भागीदार झालें, आणि २०१४ सालीं तेलंगणा वेगळें झाल्यावर त्याच्याकडे ५१ व केंद्राकडे ४९ टक्के शेअर राहिले. हिंगोली १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. पूर्णेहून येणारी लहान रुळांची वाट रुंद झाली असून ती आतां अकोल्यास मिळते.