देणगीतली एक अट

आज आपण परळच्या केईएम हॉस्पिटलकडे जाणार आहोत. पण त्याआधी थोडं मागं जाऊ.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं १८४५ साली. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे. म्हणजे आपली मुलं डॉक्टर व्हायला लागून मोठा काळ लोटला होता. मग अडचण कुठे होती? अडचण होती शिकवण्याच्या खुर्चीची. प्राध्यापकांच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे मुळात लष्करासाठी भरलेल्या डॉक्टरांच्या हातात. विलायतेतून मोठी पदवी घेऊन आलेल्या माणसानेसुद्धा गल्लीत दवाखाना थाटायचा. पैसा मिळे, नावही होई. पण वॉर्ड नाही, विद्यार्थी नाहीत, आणि एकाच आजाराचे पन्नास रोगी वर्षानुवर्षं बघून त्यांची टिपणं ठेवायची सोय नाही. संशोधन होणार कुठून?

म्हणून सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी पैसे देताना घातलेली अट मला इमारतीपेक्षा मोठी वाटते. शिकवणारे सगळे पात्र भारतीय हवेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत! १९२६ साली जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम सुरू झालं. डीन होते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

तिथले बरेच मोठे डॉक्टर 'ऑनररी' असत. वॉर्डातलं काम आणि शिकवणं जवळपास फुकट, पोटापाण्यासाठी खासगी प्रॅक्टिस. या पद्धतीत दोष होतेच. घरची बरी स्थिती नसेल त्याला ते कसं झेपणार? पण वॉर्डाचं दार उघडलं, हे खरं.

त्या दारातून आलेलं एक नाव म्हणजे डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १९११, वैद्यकीय शिक्षण लंडनला, काम मुंबईत. त्यांनी हात घातला सर्पगंधेला. ही मुळी आपल्याकडे वेडावर, निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्याने रक्तदाब उतरतो असं लिहिलंही होतं. पण भारतीय नियतकालिकातलं ते लिखाण बाहेर कोण वाचतो!

वकिलांनी केलं काय, तर डॉक्टरने करायचं तेच: रोगी तपासले, दाब मोजला, पुन्हा मोजला, लिहून ठेवलं. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रोग्यांचा त्यांचा अभ्यास छापून आला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर उपाय काय होते? नुसत्या भाताचं पथ्य, नाहीतर मज्जातंतू कापायची मोठी शस्त्रक्रिया. तिथे ही साधी गोळी! जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. पुढे त्याने काहींना नैराश्य येतं असं दिसलं, नवी औषधं आली, आणि आज ते क्वचितच दिलं जातं.

१९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते वेगळ्याच कारणाने ठाऊक आहेत. रोगी हाताने कसा तपासावा, हे शिकवणारं त्यांचं आणि डॉ. गोलवाला यांचं जाडजूड पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या हॉस्टेलच्या टेबलांवर पडलेलं असायचं.